बिनचेअरमनचा कुकर

९ जानेवारी २०२५

आज तारामतीचीही आली माझ्याकडं. शंभरच्या शंभर!

सकाळी दारात उभी राहिली, फोन पदराच्या टोकात गुंडाळलेला. म्हणाली, तात्या, माझी हळकुंडं तुमच्यापाशी ठिवा, लेक दर दिवाळीला फोन बदलतो, जुन्यातलं समदं जातं म्हणतेत. मी सांगितलं, बाई, ती तशी जात नसतात, दयानंदच्या पुनमनं दिलेले बारा शब्द जपले आणि नव्या फोनात घातले की सगळी परत येतात. तर म्हणे, बारा शब्द ध्यानात राहिले असते तर शाळा कशाला सुटली असती माझी! फोन माझ्या हातात दिला, आमच्या घरच्या मंडळीशी चुलीपाशी बसून चहा घेतला आणि गेली. नाणी तिची, फोन तिचा. पाठवायचं बटण मात्र माझ्या अंगठ्यानं दाबलं.

हळकुंडं म्हणजे खरी नव्हेत, फोनातली. एकदा लिहून काढतो, म्हणजे माझं मलाच नीट उमजेल.

गावातल्या आमच्या हळदवाल्या गटानं हळद शिजवायचा कुकर घेतला. सगळ्या घरांनी सारखी वर्गणी भरली. कुकर आला तसा पहिला सवाल — चेअरमन कोण? आणि सगळे गप्प. कारण जुन्या सोसायटीचं सगळ्यांनीच भोगलेलं. अंगठे आधी घ्यायचे, ठराव मागून लिहायचा, चेअरमनच्या मेहुण्याची पाळी पहिली. तेव्हा दयानंदची पुनम उठली. विष्णुपुरीच्या कॉलेजातून कॉम्प्युटर शिकून आलेली पोरगी. म्हणाली, चेअरमनच नको. दर घराला फोनात शंभर नाणी द्यायची. पाळी कुणाची, भाडं किती, कुकर कुठं ठेवायचा — ज्यानं त्यानं आपापल्या नाण्यांनी दाबायचं, जिकडं जास्त नाणी तो ठराव. एकदा झालेला ठराव कुणाला खोडता येणार नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही. टीव्हीवर जगातली ती मोठमोठी नाणी दाखवतात, त्याच जातीचं — पण घरगुती. रुपयात विकता येत नाही. पोरांनी नाव ठेवलं हळकुंड.

एकच मुभा ठेवली तिनं. नाणी दुसऱ्याला पाठवता येतात. कुणी आजारी पडलं, कुणी मयतीला गेलं तर शेजाऱ्याकडं द्यावीत म्हणून. चांगल्या मनानं ठेवली.

१४ जानेवारी

तिळगुळाबरोबर आणखी तीन घरांची हळकुंडं आली. हसू येतंय लिहिताना.

गावातली माणसं लग्नाकार्याला परगावी जाताना घराची किल्ली माझ्याकडं देतात. जन्मभर कॉलेजच्या फाटकावर वॉचमन होतो, त्याची सवय असेल त्यांना. फाटकावर बसून पोरांनी टाकून दिलेली पुस्तकं वाचली, तेवढंच माझं शिक्षण. तरी लोक म्हणतात, केरबातात्याला फोनातलं कळतं. हाव, कळतं थोडंफार.

१९ जानेवारी

खरं ते लिहावं. इथं कोण बघतंय?

माझा बाप सोसायटीत बियाणं मागायला जायचा तेव्हा त्याला खालच्या पायरीवर बसवायचे. वर चढायची मुभा नव्हती. आज त्याच सोसायटीवाल्यांच्या आळीतल्या घरांची नाणी माझ्या फोनात आहेत आणि ती माणसं वस्तीत माझ्या दारी येऊन ठेवून जातात. बापाच्या तोंडी एक शब्द असायचा, अमानत. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी असली की आपल्या वस्तूपेक्षा जास्त जपायची. ती मी जपीन. पण छाती फुगते हेही खरं. फुगू दे की जरा!

२६ जानेवारी

शाळेत झेंडा झाला. मग पुनमनं मला लिंबाखाली बाजूला घेतलं. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

म्हणाली, तात्या, निम्म्याहून जास्त नाणी तुमच्याकडं झाली. आता बाकी कुणी दाबलं न दाबलं सारखंच. तुम्ही एकट्यानं दाबलं की ठराव पास.

मी हसलो. म्हटलं, मग काय मी हळद खाणार आहे लोकांची?

“तुम्ही नाही खाणार. म्हणूनच भीती वाटून राहिली, तात्या. तुमच्याकडं कुणी बघणारच नाही.”

लागलं मला ते. पोरगी आहे, शिकलेली आहे, पण लागलं. घरी येऊन जेवलो नाही नीट.

२७ जानेवारी

तिचं बरोबर आहे. परत देऊन टाकतो ज्याची त्याला. हळद काढणी तोंडावर आलीय, तेवढी उरकली की देतो.

६ फेब्रुवारी

कुकर पेटला! गावभर ओल्या हळदीच्या वाफेचा वास. पिपांतून वाफ सुटली तशी पोरंसोरं लांब पळाली आणि परत जवळ आली.

कुकर विहिरीपासून शाळेमागं मीच हलवला, पाळ्याही मीच लावल्या. ज्यांच्या घरी माणूसबळ कमी त्यांना आधी, बागायतदार मागून. सरजाबाई माझ्या चुलतभावाची विधवा, तिची लागवड उशिराची, म्हणून तिची पाळी मार्चमध्ये टाकली. दयानंद स्वतः मोठा बागायतदार, त्याची पाळी शेवटी. तोच म्हणाला, तात्या, सोसायटीत असं झालं असतं तर डोकी फुटली असती. एक शब्द वाकडा नाही कुणाचा.

दाबायला मात्र चौघंपाचच आले. बाकीच्यांना विचारलं तर सगळ्यांचं एकच. तात्यानं दाबलं ना? मंग झालं की!

१९ फेब्रुवारी

डाव्या डोळ्यापुढं पडदा आल्यासारखं झालंय. मोतीबिंदू. लेक लातूरला असते, महामाया. तिचा हुकूम सुटला, तिथंच ऑपरेशन करायचं आणि महिनाभर धूळधुराकडं फिरकायचं नाही. कुकरपाशी तर नाहीच.

पुनम आली होती. म्हणाली, जायच्या आधी नाणी ज्याची त्याला पाठवा. मी म्हटलं, या डोळ्यानं किती घरं फिरू? दारोदार जाऊन फोन उघडून दाखवावा लागतो एकेकाला. फोन आनंदराजपाशी ठेवतो. पोरगा माझाच आहे, पाळ्या ठरलेल्या आहेत, दाबायचंच काय आहे त्यात?

चप्पल घालायला लई वेळ लावला तिनं.

२१ फेब्रुवारी

आनंदराजला फोन दिला. उघडायचा आकडा सांगितला. त्यानं विचारलं, काही विचारायचं झालं तर? मी म्हटलं, लोकांचं भलं बघायचं, एवढंच. तेवढं सांगून बसमध्ये बसलो.

२५ फेब्रुवारी, लातूर

ऑपरेशन झालं. डोळ्यावर टोपी. लिहायला मनाई. तरी लिहिलं.

३ मार्च, लातूर

एका डोळ्यानं लिहितोय, ओळ तिरपी चाललीय. खिडकीतून रस्ता दिसतो, क्लासला जाणारी पोरंच पोरं, पाठीवर दप्तरं. महामाया वेळेवर थेंब टाकते आणि दमात घेते. लेकीच्या दमाला गोडी असते.

गावाकडून काही खबर नाही. म्हणजे सुरळीत असणार.

११ मार्च, लातूर

महामायाच्या फोनवर सरजाबाईचा फोन आला. ती कधी फोन करत नाही.

आधी डोळ्याचं विचारलं. मग जेवणाचं. मग म्हणाली, “भावजी, कुकर कुठं पाठवलाव?”

मी म्हटलं, कुठं म्हणजे? शाळेमागं असेल की!

“न्हाई भावजी. टॅक्टर आला अन् घिऊन गेला. तुमीच बटण दाबलंव म्हणतेत. माझी हळद काढून पडली हाय, ढीग गरम होऊन राहिला. परवा पाळी व्हती ना माझी?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, तुमी दाबलंव म्हंजे काईतरी इचार असंलच. ठेवते.

हे वाक्य कानातून जात नाही.

१२ मार्च

महामाया नको नको म्हणत होती. काळा चष्मा लावला आणि पहिली बस धरली. अहमदपूर, लोहा, नांदेड. लोह्यापर्यंत मनाला समजावत होतो, ट्रॅक्टरनं दुरुस्तीला नेला असेल कुकर. पुढं समजावणं संपलं.

शाळेमागं नुसती राख. वाफेनं लिंबाचा पाला एका अंगानं पिवळा पडलाय. बाकी काही नाही.

१३ मार्च

आनंदराजशी बोलणं झालं. जसं झालं तसं लिहितो.

भोकर रस्त्याला मल्लिनाथ म्हणून एक हळदीचा व्यापारी आहे, मोठं अंगण आहे त्याचं. तो आनंदराजला भेटला. उरलेल्या हंगामासाठी कुकर मला द्या म्हणाला, गावात मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त भाडं देतो. आनंदराजनं हिशेब केला. गटातल्या निम्म्याहून जास्त घरांची हळद शिजून झालेली. उरलेल्यांनी मल्लिनाथच्या अंगणात नेऊन शिजवावी, भाड्याचा पैसा सगळ्या घरांना सारखा वाटावा. फोन उघडला, ठराव मांडला, माझ्या सगळ्या नाण्यांनी दाबला. पास. पैसेही वाटून मोकळा झाला. एक पैसा स्वतःला जास्त घेतला नाही. चोरी केली असती तर दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

आणि मल्लिनाथ आता म्हणतो, आधी माझी खरेदी केलेली हळद शिजंल, मग तुमची. म्हणजे एप्रिल.

मी आवाज चढवला. म्हटलं, कुणाला विचारलंस तू?

त्यानं मान वर केली. चिडलेला नव्हता. खरंच विचारत होता.

“बाबा, तुम्ही कुणाला विचारत होता?”

तो म्हणाला, पाळ्या तुम्ही एकट्यानं लावल्या, कुकर विहिरीपासून शाळेमागं तुम्ही एकट्यानं हलवला. तेव्हा सगळे वा वा करून राहिले. तुम्ही म्हणला लोकांचं भलं बघ, मी बघितलं. तुमचा अंदाज बरोबर निघाला, माझा चुकला. एवढाच फरक हाय.

आमची मंडळी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

१४ मार्च

पुनमकडं गेलो. दयानंदनं बसायला टाकलं, पाणी दिलं, आणि उठून गोठ्याकडं निघून गेला. त्याचीही हळद शिजायची राहिलेली, तरी त्याच्या मनात राग नव्हता, मला तोंड कसं द्यावं हे त्याला सुचत नव्हतं.

पुनमला म्हटलं, तो ठराव खोडून टाक, पोरी. माझ्याकडं नाणी अजून तेवढीच आहेत, पाहिजे तर मी उलटं दाबतो.

तिनं डोकं हलवलं. हंगामाचा करार मंजूर झाला की हंगाम संपेपर्यंत उलटा ठराव घेता येत नाही. असं तिनंच बसवलंय. सोसायटीत रोज ठराव फिरवायचे ना, म्हणून. “मला पण हात लावता येत नाही, तात्या. कुणा एकाच्या हातात राहू नये म्हणूनच तसं केलं होतं.” एवढं बोलून हसली. असं हसू कुणाचं पाहू नये.

कुणा एकाच्या हातात राहू नये म्हणून बांधलेलं कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात. लोकांनी आपण होऊन आणून ठेवलेली.

१६ मार्च

मल्लिनाथच्या अंगणात जाऊन आलो. सरजाबाईची तेवढी एक पाळी द्या म्हणायला.

माणूस गोड. खुर्ची दिली, डोळ्याची चौकशी केली, चहा मागवला. आमचा कुकर कोपऱ्यात फसफसत होता. माझ्याच घरचं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बघावं तसं वाटलं. मी म्हटलं, गावात कुणाला आधी पत्ता नव्हता हो या ठरावाचा. त्यानं आपला फोन काढला आणि तो ठराव मला दाखवला. तो सगळ्यांना दिसतो, तशीच सोय आहे. बाजूनं किती, विरोधात किती.

म्हणाला, “काका, विरोधात एक बी नाणं न्हाई. एवढं एकमत मी कोणत्या सोसायटीत पाह्यलं न्हाई बघा.”

टोमणा होता की खरंच कौतुक, कळलं नाही. पाळी काही दिली नाही त्यानं. गिऱ्हाइकांची हळद थांबली आहे म्हणे.

फाटकाबाहेर येऊन चष्मा काढला आणि डोळा पुसला. डॉक्टरनं हात लावू नको म्हटलं होतं.

१८ मार्च

सरजाबाईनं दोन दिवस जुन्या काहिलीत शिजवून बघितली. अर्धी कच्ची, अर्धी जास्त शिजून मऊ. सरपण पुरेना, कंबर वाकेना. ढिगाला आतून वास सुटायला लागला. शेवटी ओलीच विकली.

मल्लिनाथलाच. तोच एक ओली घेतो.

मी तिच्या अंगणात गेलो तर म्हणाली, बसा भावजी, आणि सुपात राहिलेली चार मुठी हळद काढून आमच्या हिच्यासाठी बांधून दिली, लोणच्यात घाला म्हणून. एक तक्रारीचा शब्द नाही. बोलली असती, भांडली असती, चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर हलका होऊन घरी आलो असतो. मी म्हटलं, सरजाबाई, चुकलं माझं. ती म्हणाली, तुमचं कशाचं? पोरानं केलं. मी म्हटलं, पोराला फोन कुणी दिला? तर म्हणे, मंग काय रस्त्यावरच्याला द्यायचा व्हता?

हळदीचं गाठोडं घेऊन घरी आलो.

२२ मार्च

पुनम आली होती, बराच वेळ बसली. तिला विचारलं, जगात ती मोठी नाणी आहेत, त्यात असं होतं का ग? की आपणच गावंढळ?

ती म्हणाली, तिथंही हेच होऊन बसलंय, तात्या. बँक नको, सरकार नको, मालक नको म्हणून सुरू केलं. आणि आता बघावं तर बरीचशी नाणी थोड्या मोठ्या लोकांकडं. त्यांनी विकायला काढली की भाव पडतो, त्यांनी धरून ठेवली की चढतो, बारके लोक नुसते बघत राहतात. काही नाण्यांत तर आपल्यासारखंच, जितकी नाणी तितकं मत. आणि बारक्यांतले कितीतरी लोक आपली नाणी स्वतःपाशी ठेवतच नाहीत. बाजार चालवणाऱ्या कंपनीपाशी ठेवतात. कोण बारा शब्द सांभाळत बसणार?

मला तारामती आठवली.

मी म्हटलं, म्हणजे कुणी हिसकावून घेतलं नाही? ती म्हणाली, काही जण आधीपासूनच मोठे होते. पण बाकीच्यांचं कुणी हिसकावलं नाही, लोकांनी नेऊन दिलं. तिकडं कंटाळ्यानं, आपल्याकडं इतबारानं.

इतबार, म्हणजे भरवसा! हा शब्द आमच्या बापाच्या पिढीचा, या पोरीच्या तोंडी ऐकून चमकलो. वाईट माणसाला कसं अडवायचं ते तिनं सगळं बसवलं होतं. भल्या माणसाला अडवायची सोय तिला सुचली नाही. मलाही नाही सुचली, आणि मी तर तो माणूस होतो. लबाड असतो तर लोकांनी पहिल्याच दिवशी डोळे उघडे ठेवले असते. मी भला, म्हणून सगळे निवांत झोपले. आणि भल्या माणसाचं जे असतं ते मागून त्याच्या पोराकडं जातं. घर जातं, वावर जातं, तशी गावाची मतंही गेली. आनंदराजला वारसा मिळाला आणि मी अजून जिवंत!

चेअरमन नको म्हणता म्हणता आम्ही घराणं उभं केलं. माझं.

२३ मार्च

काल लिहिलेलं वाचलं. त्यात एक राहिलं. छाती फुगली होती, तेव्हाच नाणी परत द्यायला पाहिजे होती. काढणीचं निमित्त केलं मी.

१ एप्रिल

घरोघर फिरायला सुरुवात केली. ज्याची नाणी त्याला.

वाटलं होतं तितकं सोपं नाही. देणाऱ्यापेक्षा घेणारे जास्त कुरकुरतात. एकानं विचारलं, तात्या, काय चुकलं आमचं? एकीला वाटलं मी आता मरायला टेकलो, रडायलाच लागली. तिला समजावण्यात दुपार गेली.

४ एप्रिल

तारामतीकडं. फोन उघडायला शिकवलं. बारा शब्द तिला ओवीसारखे म्हणायला लावले, तर चालीवर पाठ झाले की तिचे! स्वतःच्या अंगठ्यानं बटण दाबून शंभर आलेली बघितली. म्हणाली, आलीत व्हय? मग मला फोन दाखवत विचारलं, आता मी काय दाबू, ते सांगा.

मी म्हटलं, ते नाही सांगणार.

लई राग आला तिला. तुमी पहिले असे नव्हता म्हणाली.

९ एप्रिल

हंगाम संपला, कुकर परत आला. एका पिपाला पोचा पडलाय. आनंदराज सकाळपासून त्याच्याशी लागलाय, राख काढून राहिला, घासून राहिला. कुणी सांगितलं नाही त्याला. दुपारी त्याला ताक नेऊन दिलं. दोघं तिथंच बसलो.

१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, वस्तीत खीर. मिरवणूक निघायच्या आत शेवटचं घर केलं, सरजाबाईचं. तिची शंभर तिच्या फोनात गेली. माझ्याकडं आता माझ्या घराची तेवढीच.

एक माणूस, एक मत. हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. त्यासाठी काय काय सोसलं ते आजोबांकडून ऐकत मोठा झालो. आणि मीच इतक्या माणसांची मतं खिशात घालून हिंडत होतो, अमानत अमानत म्हणत. किल्ली अमानत ठेवता येते. मत ठेवता येत नाही. एवढं साधं कळायला मला हा हंगाम गेला आणि सरजाबाईची हळद गेली. पुढच्या साली तिचं बियाणं मी देणार आहे. पण गेलेलं साल कुठून आणू?

पुनम वस्तीत आली होती खीर खायला. सगळ्यांना ओरडून म्हणाली, आता पुढच्या हंगामाचं भाडं ठरवायचंय, दोन दिवसांत प्रत्येकानं स्वतः दाबायचं. लोकांनी माना डोलावल्या. लई दिवसांनी पोरगी मोकळी हसली. मीही दोन वाट्या खीर खाल्ली.

१५ एप्रिल

झोप छान लागली. डोळाही स्वच्छ दिसतोय. भाडं किती असावं यावर विचार करून स्वतःची शंभर दाबणार, उद्या.

१६ एप्रिल

सकाळी पुनमचा फोन. म्हणाली, “तात्या, भाडं कुणीच दाबलं नाही. सगळ्यांनी नाणी माझ्याकडं पाठवली. तूच बघ म्हणतेत.”

फोन उघडून बघितलं. तारामती. दयानंदची आळी. आमची अख्खी वस्ती. सरजाबाई. सगळं तिच्या नावावर.

माझी शंभर बघायला गेलो तर तिथं शून्य. चुलीपासून ही म्हणाली, “आपली बी दिली पाठवून. आनंदराजकडून दाबून घेतलं म्या. पोरगी शिकलेली हाय, तुमच्या जिवाला ताप नको.”